पेढ्यामागचा डोंगर

दिवाळीच्या फराळाचे ताट पुढे आले की घरोघर परीक्षकांची मंडळे बसतात. चकलीला काटा आला का, करंजीचे सारण सुटले का, अनारशाला जाळी पडली का, यावर आजोबांपासून नातवापर्यंत प्रत्येकाचे स्वतंत्र मत असते. पेढ्यावर मात्र कोणी मत देत नाही. तो बाजारातून पेटीत येतो आणि पाहुण्यांच्या हातून निमूटपणे संपतो.

मागल्या दिवाळीत आमच्या धाकट्या कन्येने ही परंपरा मोडली. पेढ्याचा अर्धा घास तोंडात ठेवून ती म्हणाली, "बाबा, पेढा कशाचा करतात?"

"खव्याचा."

"आणि खवा?"

"दुधाचा."

"आणि दूध?"

"म्हशीचे."

"आणि म्हैस कशाची?"

मी विचारात पडलो. स्वयंपाकघरातून आमच्या सौभाग्यवतींचा आवाज आला, "गवताची म्हणून सांगा आणि मोकळे व्हा!"

सगळे हसले. मीही हसलो. पण पेटीवर 'कुंथलगिरीचा पेढा' अशी अक्षरे होती, आणि ते गवत कोणत्या डोंगरावर उगवते हे आपल्याला ठाऊक नाही, हा विचार काही डोक्यातून जाईना. शेवटी दिवाळीची गडबड ओसरल्यावर पिशवी उचलली आणि भूमची वाट धरली.

आगगाडी न आलेले गाव

भूम हे धाराशिव जिल्ह्यातले तालुक्याचे ठिकाण. बार्शी सोडून उत्तरेला निघाले की सपाट काळी राने हळूहळू मागे पडतात, जमीन उंचसखल होऊ लागते आणि बालाघाटच्या रांगा दिसू लागतात. सह्याद्रीसारखे छाती दडपून टाकणारे हे डोंगर नव्हेत. बसकी टेकाडे, माथ्यावर सपाटी, उतारावर मुरूम आणि खडक, मधून मधून बोरी-बाभळी आणि हिवर. पावसाळ्यात दोन-तीन महिने हिरवे दिसणारे आणि उरलेले वर्ष पिवळे पडून राहणारे हे माळ. मोटारीतून पाहणारा मनुष्य म्हणतो, "अरेरे, किती उजाड!" आपण किती चुकीचे बोललो, हे त्याला पुढे समजते. मलाही समजले.

या तालुक्यातच कुंथलगिरी आहे. देशभूषण आणि कुलभूषण या मुनींच्या नावाने जैनांचे हे सिद्धक्षेत्र प्रसिद्ध आहे. आचार्य शांतिसागर महाराजांनी १९५५ साली येथेच सल्लेखना घेऊन देह ठेवला. यात्रेकरूंनी येथला पेढा गावोगाव नेला आणि पेढ्याने गावाचे नाव नेले.

परंतु खवा येथेच का? याचे उत्तर नकाशात आहे. बार्शीला छोटी आगगाडी १८९७ साली आली आणि १९११ साली ती लातूरपर्यंत पोहोचली. भूमला ती आली नाही. हा मुलूख तेव्हा निजामाच्या राज्यात, पर्जन्यछायेत आणि मोठ्या बाजारांपासून दूर. पावसाच्या भरवशावरची ज्वारी कधी पिकायची, कधी दगा द्यायची. घरात म्हैस असली तर दूध असे, पण ते नासायच्या आत शहर गाठणे अशक्य. तेव्हा दूध नेण्याऐवजी दुधातले पाणी उडवून लावायचे आणि उरलेले सत्त्व पाटीत भरून न्यायचे, ही युक्ती सोयीची ठरली. पाच लिटर म्हशीच्या दुधाचा साधारण एक किलो खवा होतो. ओझे पाचावर एक आले आणि टिकाऊपणा तासांवरून दिवसांवर गेला. ज्याला आपण मिठाईचा कच्चा माल समजतो, ती मुळात कोरडवाहू माणसाने काढलेली जगण्याची वाट आहे.

भट्टीपाशी

एका वाडीवर भट्टी पाहायला गेलो. पत्र्याची शेड, मातीची चूल, तीवर रुंद लोखंडी कढई आणि धुराने काळे झालेले छप्पर. कढईपाशी घरची बाई उभी होती. हातात लांब दांड्याचे उलथणे.

"दादा, दूध उकळतंय तवर काय इचारायचं ते इचारा," ती म्हणाली. "आटाया लागलं की माझ्याशी बोलू नका. हात थांबला की खवा लागला म्हणून समजा."

मी तिचे ऐकले. दूध दाटू लागताच तिचा हात असा काही फिरू लागला की पाहणाऱ्याचा खांदा दुखावा. कढईच्या तळाला उलथणे घासत होते, धूर डोळ्यांत जात होता आणि ती जाळ कमी-जास्त करायला पायानेच लाकूड मागेपुढे सारीत होती. पाऊण तासाने कढईत मऊ, दाणेदार, फिकट बदामी गोळा तयार झाला. तिने चिमूटभर माझ्या तळहातावर ठेवला. सांगायला हरकत नाही, त्या चिमटीपुढे आमच्या पेटीतला पेढा मला फिका वाटला.

"रोज किती वेळा?" मी विचारले.

"सकाळच्या दुधाचं येगळं, सांजच्याचं येगळं. सणासुदीला शेजारपाजारचं बी दूध येतं. मग दिवस कुठं उगवला आन् कुठं मावळला, ठावं नसतं."

तिचा नवरा बाहेर लाकडे फोडीत होता. मी त्या ढिगाकडे पाहत असल्याचे त्याच्या ध्यानात आले.

"आमच्या बापाच्या टायमाला सरपण दारापुढच्या वगळीत मिळायचं," तो म्हणाला. "मग डोंगराच्या पायथ्याला जावं लागलं. मग माथ्यावर. आता इकत आणतो. दूध परवडतं सायेब, जाळ परवडत नाही."

हा मनुष्य शाळेत फार शिकलेला नव्हता. पण एका गावाच्या पन्नास वर्षांच्या वनस्पतिशास्त्राचा इतिहास त्याने चार वाक्यांत सांगितला.

गवताची ओळख

दुपारी टेकडीवर चढलो. मेंढरे घेऊन बसलेले एक म्हातारे धनगर आबा भेटले. तंबाखूची देवघेव झाली आणि गप्पा सुरू झाल्या. मी शहरातल्या माणसासारखे विचारले, "आबा, इथे नुसते गवतच दिसते. झाडे का लावीत नाहीत?"

आबांनी माझ्याकडे दयेने पाहिले. "नुसतं गवत? ह्ये काय एक गवत हाय व्हय?"

मग त्यांनी मला मारवेल दाखविले, पवन्या दाखविला आणि सर्वांत शेवटी माझ्या धोतराला, म्हणजे अर्थातच पाटलोणीला, चिकटलेली कुसळी दाखविली.

"पवन्या जावयावानी असतो. एकदा मान राखला नाही का फिरून येत नाही. आन् कुसळी बिनबोलावल्या पाव्हण्यावानी. हाकललं तरी जात नाही."

आबांच्या या म्हणण्याला गवताचे शास्त्र दुजोरा देते. दख्खनच्या माळावरची उत्तम, रसाळ, जनावरांना आवडणारी बहुवर्षायू गवते विसावा मिळाला तरच टिकतात. बी धरण्यापूर्वीच ती वर्षानुवर्षे चरली गेली की त्यांची मुळे खंगतात आणि त्यांच्या जागी कुसळीसारखी गवते येतात. कुसळी कोवळी असताना जनावर खाते. पण ती पिकली की तिचे टोकदार कुसे गुरांच्या तोंडात रुततात. त्याहून अधिक चराई झाली तर तीही जाते आणि मुरूम उघडा पडतो. मुरमावर पडलेला पाऊस थांबत नाही, विहिरीत उतरत नाही; धावत ओढ्याला जातो आणि जाताना माती घेऊन जातो. म्हणजे पवन्या गेला की आधी दूध जाते, मग पाणी जाते, आणि शेवटी गावातला तरुण मुलगा पुण्याला जातो.

शिवाय या 'उजाड' माळाचे भाडेकरू पुष्कळ. लांडगा, खोकड, ससा, तित्तर, चंडोल, धाविक ही सारी मंडळी झाडीतली नव्हेत, गवतातली आहेत. माळावर दाट झाडी लावली की माणसाला हिरवे वाटते, पण धाविक पक्षी बेघर होतो. गवताळ माळ म्हणजे मोडलेले जंगल नव्हे. ते आपल्या जागी पूर्ण असलेले दुसरेच घर आहे.

हे डोंगर अजून किती जागे आहेत याचा एक पुरावा नुकताच मिळाला. २०२४ च्या डिसेंबरात याच जिल्ह्यातल्या येडशी-रामलिंग अभयारण्यात एक वाघ दिसला. यवतमाळच्या टिपेश्वरहून तो शेकडो किलोमीटर चालत आला होता. वर्तमानपत्रांनी त्याचे कौतुक केले. ज्यांची गुरे त्याने मारली त्यांनी केले नाही. दोघांचेही बरोबर होते. डोंगर राखायचा म्हणजे काय आणि त्याचा खर्च कोणी सोसायचा, हा सारा प्रश्न त्या एका वाघाने मांडून ठेवला.

कुंपणाचा धडा

या प्रश्नाचे एक उत्तर सरकारने फार पूर्वी देऊन पाहिले आहे, आणि तेही येथून फार लांब नाही. सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर माळढोक पक्षी होता. त्याला वाचविण्यासाठी १९७९ साली सोलापूर आणि तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यांतला ८,४९६ चौरस किलोमीटर प्रदेश अभयारण्य म्हणून जाहीर झाला. त्यात गावे आली, शेते आली, वस्तीच्या वस्ती आली. हेतू उत्तम होता. परंतु जमिनीच्या व्यवहारावर बंधने आली आणि शेतकऱ्याला माळढोक हा पक्षी न वाटता सातबाऱ्यावर बसलेला बोजा वाटू लागला. पुढे ते क्षेत्र कमी करून १,२२२ चौरस किलोमीटरवर आणावे लागले. दरम्यान माळढोक जवळजवळ दिसेनासा झाला. त्याला अनेक कारणे आहेत. पण ज्यांच्या बांधावर तो अंडे घालणार त्यांनाच तो नकोसा वाटला, हे त्यातले लहान कारण नव्हे.

याच्या उलट दोन गावांची हकीकत सांगण्यासारखी आहे.

रत्नागिरी जिल्ह्यात वेळास नावाचे गाव आहे. नाना फडणविसांचे गाव म्हणून ते जुन्या लोकांना ठाऊक आहे. तेथल्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले जातीची कासवे अंडी घालायला येतात. ही अंडी माणसे उकरून नेत, उरली तर कोल्ही-कुत्री नेत. २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने आणि तिचे भाऊ काटदरे यांनी गावकऱ्यांना बरोबर घेऊन घरटी राखायला आरंभ केला. अंडी उचलून किनाऱ्यावरच कुंपणात पुरायची आणि दीड-दोन महिन्यांनी पिल्ले बाहेर आली की समुद्रात सोडायची. पुढे पिल्लांची ही पहिली धाव पाहायला शहरातून माणसे येऊ लागली, गावातच उतरू लागली, घरच्या गृहिणीच्या हातचे जेवू लागली. पूर्वी अंड्याला एकदाच किंमत मिळे. आता जिवंत पिल्लाला दरवर्षी मिळते. हिशेब कोणालाही समजण्यासारखा आहे.

दुसरे गाव गडचिरोली जिल्ह्यातले मेंढा-लेखा. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्यासारखी माणसे तेथे वर्षानुवर्षे एकच गोष्ट करीत राहिली: जंगलाविषयीचा निर्णय ग्रामसभेत, सर्वांच्या संमतीने. २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर गावाचा सामूहिक हक्क मान्य झाला आणि २०११ साली बांबू विकण्याचे परवाने गावाच्या हाती आले. काय तोडायचे, किती तोडायचे आणि काय राखायचे, हे तेव्हापासून गाव ठरविते. ज्याच्या हाती विक्री आहे तोच राखण करतो, कारण उद्याचा बांबूही त्यालाच विकायचा असतो.

खव्याची अडचण

तर मग भूमला असेच करावे, असे म्हणून लेख संपविणे सोपे होते. पण येथे एक पेच आहे आणि तो लपविणे बरे नव्हे.

वेळासला कासव मेले तर पाहुणा येत नाही. मेंढ्याला बांबू संपला तर पैसा येत नाही. भूमला मात्र डोंगर झिजला तरी काही काळ खवा निघतच राहतो. लाकूड विकत आणता येते, पेंड विकत आणता येते, दुष्काळात सरकारी चारा छावणी असते. डोंगर आणि पेढा यांच्यातला धागा इतका लांब आहे की तो तुटल्याचे कोणाला कळतच नाही. कळते तेव्हा दुधाचा सारा नफा जाळात आणि पेंडीत गेलेला असतो.

अलीकडच्या वर्षांत भूम परिसरात काही जणांनी सूर्याच्या विजेवर चालणारी खवायंत्रे बसविली आहेत. लाकूड नाही, धूर नाही, उलथणे फिरवून खांदा मोडणे नाही. भट्टीवरच्या बाईच्या डोळ्यांसाठी एवढे एकच कारण पुरेसे आहे. ज्याला इतके भांडवल जमत नाही त्याला शेणाचा गोबर गॅसही आहे. म्हशीच्या घरी शेणाला तोटा नसतो.

पण थोडा पुढचा विचार करा. जाळ स्वस्त झाला की खवा अधिक परवडेल. खवा अधिक परवडला की म्हशी वाढतील. म्हशी वाढल्या की गवत अधिक लागेल. लाकूडतोड थांबवून आपण चराई वाढविली, तर डोंगराला एका दरवाजाने सोडून दुसऱ्याने लुटल्यासारखे होईल. म्हणून यंत्राबरोबर नियम हवा, आणि तो नियम गावानेच केलेला हवा: पावसाळ्यात डोंगराचा एक भाग मिटवायचा, गवताने बी धरेपर्यंत तेथे जनावर सोडायचे नाही, मग गवत कापून न्यायचे, पुढल्या वर्षी दुसरा भाग मिटवायचा. जनावर मोकळे सोडले तर खाते त्याहून अधिक तुडविते. कापून घातले तर तेच गवत अधिक दिवस पुरते.

हे मी आबांना सांगितले तेव्हा त्यांनी विचारले, "आन् माझी मेंढरं? त्यास्नी कापून कोण घालणार?"

प्रश्न बिनतोड होता. ज्याच्याकडे म्हैस आहे त्याच्याकडे बहुधा थोडी शेतीही असते. ज्याच्याकडे चार मेंढ्या किंवा उस्मानाबादी शेळ्या आहेत त्याचे शेत म्हणजे हाच डोंगर. या जिल्ह्याचे नाव लागलेली ती काळी शेळी, पुष्कळदा जुळी करडे देणारी, भूमिहीनाच्या घरची बँक आहे. तिचा मालक सभेत नसताना केलेला चराईबंदीचा ठराव म्हणजे नान्नजचीच लहान आवृत्ती. म्हणून आधी आबांना सभेत बसवायचे, त्यांची वाट आणि त्यांचा वाटा लिहून ठेवायचा, आणि मगच डोंगर मिटवायचा. कोणत्या उतारावर कोणते गवत होते आणि ते केव्हा गेले हे गावात आबांखेरीज सांगणार तरी कोण?

असे लिहून ठेवण्याची सोय कायद्यात आहे. २००२ च्या जैविक विविधता कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता समिती आणि लोकांची जैवविविधता नोंदवही सांगितली आहे. ती वही कचेरीच्या कपाटात राहिली तर कागद. आबांच्या तोंडून भरली आणि दरवर्षी सभेत वाचली गेली तर ती गावाची चोपडी होईल. दिवाळीत आपण लक्ष्मीपुढे चोपडी पूजतो. ज्या गावाची लक्ष्मी गवतातून येते त्याने गवताचा हिशेब का पूजू नये?

डोंगर आणखीही काही देतो. बालाघाटच्या खडकाळ उतारावर सीताफळ आपसूक येते. त्याचा पाला शेळी खात नाही, म्हणून उघड्या डोंगरावरही ते तग धरते. शेजारच्या बीडच्या सीताफळाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. ऐन दिवाळीच्या सुमारास पाट्या भरभरून उतरणारे हे फळ गवत राखलेल्या उतारावर दुसरे पीक म्हणून उभे राहू शकते, आणि ते वेचायला म्हैस असावी लागत नाही.

आपला वाटा

आता शहरातल्या आपल्यासारख्यांचे काय? आपण दोन गोष्टी करू शकतो, आणि दोन्ही स्वयंपाकघरातल्या आहेत.

पहिली, खवा पारखून घेणे. सणात मागणी वाढली की पिठूळ पदार्थ मिसळलेला माल बाजारात येतो आणि तो खऱ्या खव्याचा भाव पाडतो. थोडा खवा पाण्यात उकळून पूर्ण थंड होऊ द्यावा आणि त्यात टिंक्चर आयोडीनचे दोन-तीन थेंब टाकावेत. निळा रंग आला तर त्यात पीठ आहे. हा घास अर्थातच नंतर टाकून द्यावा. ही परीक्षा आपल्या पोटासाठी आहेच, पण भूमच्या त्या कढईसाठीही आहे. कारण खोट्या खव्याशी भावाची बरोबरी करायला निघालेला मनुष्य पहिली काटकसर डोंगराच्या जिवावर करतो.

दुसरी गोष्ट, विचारणे. हा खवा कुठला, लाकडावरचा की सूर्यावरचा, हे दुकानदाराला विचारीत जावे. पहिल्या दिवशी तो हसेल. दहाव्या गिऱ्हाइकानंतर तो चौकशी करील. पेढा आणि डोंगर यांच्यातला लांबलेला धागा गिऱ्हाइकानेच थोडा आखूड केला पाहिजे. दुसरा कोणी तो करणार नाही.

निघताना भट्टीवरच्या वहिनींनी पळसाच्या पानात खवा बांधून दिला. पैसे घेईनात. मी आग्रह केला तेव्हा म्हणाल्या, "पोरीसाठी देतेय दादा. तिला सांगा, ह्यो आमच्या डोंगराचा हाय."

घरी आल्यावर कन्येने पान सोडले. कडेला एक पिवळी गवताची काडी चिकटून आली होती. ती काढून टाकायला तिच्या आईने हात पुढे केला, तसा मी म्हणालो, "राहू दे. मागल्या वर्षी तिने विचारले होते ना, म्हैस कशाची असते म्हणून?"

मुलीने ती काडी उजेडात धरून बराच वेळ पाहिली. मग आपल्या भूगोलाच्या वहीत जपून ठेवली.